लाल दिवा लागतो, पण बोर्ड उठत नाही: ईएसपी-३२ च्या टाइप-सी एक्सपान्शन बोर्डाची पॉवर कशी तपासायची

तक्रार दर वेळी एकाच साच्यातली असते. ईएसपी-३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर) एक्सपान्शन बोर्डात बसवला, टाइप-सी केबल लावली, लाल एलईडी लागला. तरीही वाय-फाय जोडलं जात नाही, सिरिअल मॉनिटरवर (बोर्डाचे मेसेज दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या खिडकीत) रीसेटचा मजकूर धावत राहतो, नाहीतर रिले (विजेवर चालणारा स्विच) उगाच टकटक करत बसतो. शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘पॉवर तर येतेय, दिवा लागलाय.’ घोळ इथेच आहे. दिवा ज्या लाइनवर जोडलाय तिथे दोनेक व्होल्टच्या वर काहीतरी आहे, एवढंच तो सांगतो. पाच आहेत का, लोड आल्यावर टिकतात का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मी बोलतोय ते ३० किंवा ३८ पिनांच्या डेव्हकिटसाठी (ईएसपी-३२ चिप बसवलेल्या छोट्या बोर्डासाठी) मिळणाऱ्या बोर्डांबद्दल. मधे दोन लांब सॉकेट, बाजूला जी-व्ही-एस (ग्राउंड, व्होल्ट, सिग्नल) अशा तीन-तीन पिनांच्या रांगा, एका कडेला गोल डीसी जॅक, शेजारी टाइप-सी, आणि ३.३ की ५ हे निवडायचा जंपर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, पिशवीत फक्त बोर्ड मिळतो. सर्किट डायग्राम वगैरे काही नसतं. त्यामुळे बोर्ड आपणच वाचून काढायचा. साधा मल्टीमीटर आणि झूम होणारा मोबाइल कॅमेरा, एवढं पुरतं.

आधी ठरवा, दिवा कोणाचा?

या बोर्डात पॉवर शिरायला चार वाटा असतात. बोर्डाचं स्वतःचं टाइप-सी. डीसी जॅक, जो एका रेग्युलेटरमधून जाऊन ५ व्होल्ट बनवतो. ५ व्ही आणि जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या पिना किंवा स्क्रू टर्मिनल. आणि चौथी, जी लोक विसरतात, ती म्हणजे वर खोचलेल्या डेव्हकिटचं स्वतःचं यूएसबी. चारही शेवटी ५ व्होल्टच्या एकाच लाइनवर येऊन मिळतात. तिथून डेव्हकिटवरचा छोटा रेग्युलेटर, बहुतेक वेळा एएमएस१११७, ३.३ व्होल्ट बनवतो आणि चिप त्यावर चालते. काही एक्सपान्शन बोर्डांवर ३.३ चा दुसरा रेग्युलेटरही असतो. तो फक्त ‘व्ही’ रांगेतल्या सेन्सरांसाठी, चिपशी त्याचा संबंध नाही.

दिवे एकूण तीन दिसतील. एक्सपान्शन बोर्डाचा, डेव्हकिटचा लाल, आणि बऱ्याच डेव्हकिटवर एक निळा. निळा पॉवरचा नसतो. तो सहसा चिपच्या जीपीआयओ २ या पिनवर असतो आणि प्रोग्रॅम सांगेल तसा लागतो. निळा लागत नाही म्हणून बोर्ड मेला असं समजू नका.

उरलेल्यांसाठी सगळ्या केबल काढा, डेव्हकिट उपसून बाजूला ठेवा आणि मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बझर वाजतो त्या सेटिंगवर) लावा. एलईडीच्या शेजारी एक बारीक रेझिस्टर असतो, १०२ लिहिलं असेल तर १ किलोओहमचा. एलईडी आणि रेझिस्टर या जोडीचं एक टोक जीएनडीला बझर देईल. दुसऱ्या टोकावर प्रोब धरून ठेवा आणि दुसरा प्रोब एकेका जागी लावत जा: ५ व्ही पिन, ३.३ व्ही पिन, टाइप-सी सॉकेटचा व्हीबस (५ व्होल्टची पिन), डीसी जॅकची मधली पिन. जिथे बझर वाजेल, तो दिवा त्या लाइनचा. व्हीबसवर वाजला पण ५ व्ही पिनवर नाही, याचा अर्थ मधे डायोड आहे किंवा उडालेला फ्यूज आहे. अशा बोर्डावर फ्यूज उडालेला असला तरी दिवा झकास लागेल, कारण तो फ्यूजच्या अलीकडे बसलाय.

आता दिव्याचं गणित. लाल एलईडीला पेटायला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. ३.३ च्या लाइनवर १ किलोओहममधून त्याला दीड मिलिअँप मिळतो. तीच लाइन घसरून २.४ व्होल्टवर आली तरी त्यातून अर्ध्या मिलिअँपच्या वर करंट जातो आणि टेबलावर बघताना तो लागलेलाच दिसतो. ईएसपी-३२ मधला ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरल्याचं ओळखणारं सर्किट) मात्र साधारण २.४३ व्होल्टला चिप रीसेट करतो. म्हणजे चिप केव्हाच आडवी झालेली असते आणि दिवा लागलेलाच असतो. ही सगळी पडझड काही मिलिसेकंदांत होते, त्यामुळे प्रकाश किंचित कमी झालेला डोळ्याला कळतही नाही. ३.३ च्या लाइनवर निळा किंवा पांढरा एलईडी असता तर त्याने चुगली केली असती, कारण त्याला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात. पण बोर्ड बनवणारे लालच लावतात.

दिवाच लागत नाही, आणि तोही फक्त सी-टू-सी केबलवर

हे दुखणं सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात जास्त लोक बोर्ड खराब समजून परत पाठवतात. जुन्या चार्जरला ए-टू-सी केबल लावली की चालतं. नव्या मोबाइलच्या चार्जरला दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की ढिम्म. चार्जर बदला, केबल बदला, फरक नाही.

कारण असं. यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम हजर असतात. टाइप-सी पोर्टवर नसतात. समोर कोणीतरी पॉवर घेणारं जोडलंय याची खात्री पटल्याशिवाय चार्जर व्हीबस चालूच करत नाही. ही खात्री तो सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांवरून करतो. घेणाऱ्या बोर्डाने या दोन्ही पिनांवर जीएनडीकडे ५.१ किलोओहमचा एक-एक रेझिस्टर लावायचा असतो. काही रुपड्या वाचवायला स्वस्त बोर्डांवर हे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. अशा बोर्डाकडे चार्जर बघतो आणि त्याला केबलच्या टोकाला कोणीच दिसत नाही.

तपासायला टाइप-सी सॉकेटच्या मागे कॅमेरा झूम करा. ५१२ किंवा ५१०१ छापलेले दोन रेझिस्टर शेजारी शेजारी दिसले तर ठीक. फार बारीक असतील तर त्यांच्यावर काहीच छापलेलं नसतं. तेव्हा केबल काढून प्रत्येक सीसी पिन आणि जीएनडी यांच्यात मीटरने ओहम मोजा. नुसत्या पॉवरसाठी असलेल्या सहा पिनांच्या सॉकेटलाही दोन सीसी पिना असतात, त्यामुळे ‘हे फक्त चार्जिंगचं सॉकेट आहे’ ही सबब चालत नाही. दोन्ही बाजूंना व्यवस्थित रेझिस्टर असतील तर केबल लावल्यावर त्यातल्या एका पिनवर व्होल्टेज दिसतं, आणि तेही बोलकं असतं: ०.४ व्होल्टच्या आसपास म्हणजे चार्जर साधी यूएसबीची मर्यादा सांगतोय, ०.९ च्या आसपास म्हणजे १.५ अँप, १.७ च्या आसपास म्हणजे ३ अँप देऊ शकतो.

केबल एका बाजूने घातली की चालते आणि उलटी करून घातली की बंद, असं होत असेल तर दोनपैकी एकच रेझिस्टर जोडलेला आहे किंवा एकाचा सोल्डर सुटलाय.

उपाय सोपा आहे. ए-टू-सी केबल आणि यूएसबी-ए चा चार्जर वापरा, प्रश्न मिटला. हात बसलेला असेल तर दोन रेझिस्टर सोल्डर करा. फक्त एक लक्षात ठेवा: दोन पिनांना दोन वेगळे. सीसी१ आणि सीसी२ एकत्र जोडून एकाच रेझिस्टरवर भागवू नका. २०१९ मध्ये राझबेरी पाय ४ आला तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच झालं होतं. साध्या केबलवर तो चालायचा, पण आत चिप असलेली महागडी केबल लावली की चार्जरला वाटायचं समोर ऑडिओचं काहीतरी जोडलंय, आणि तो पॉवर द्यायचा नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते दुरुस्त केलं.

याच ओघात दोन शंका. ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर लावला तर बोर्ड जळेल का? नाही. टाइप-सी चार्जर सुरुवात ५ व्होल्टनेच करतो, आणि ९ किंवा २० व्होल्ट मागण्यासाठी जी बोलणी करावी लागतात ती हा बोर्ड करतच नाही. हां, मधे पीडी ट्रिगरचं (चार्जरकडून जास्त व्होल्ट मागून घेणारं) मोड्यूल घातलं असेल आणि ते १२ वर सेट असेल तर ती वायर ५ व्हीच्या टर्मिनलला चुकूनही लावू नका. दुसरी शंका: दिवा लागतो पण कॉम्प्युटरवर पोर्ट दिसत नाही. एक्सपान्शन बोर्डावरच्या टाइप-सीमध्ये पुष्कळदा डेटाच्या तारा नसतातच. प्रोग्रॅम टाकायला केबल डेव्हकिटच्या सॉकेटलाच लावायची.

वाय-फाय सुरू झालं की रीसेट

सिरिअल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ असं आलं की कोडमध्ये शोधाशोध करण्यात वेळ घालवू नका. वाय-फायचं प्रक्षेपण सुरू असताना ईएसपी-३२ सुमारे २४० मिलिअँपपर्यंत ओढतो, आणि सप्लाय किमान ५०० मिलिअँपचा असावा असं चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतः सांगते. मोबाइलचा कुठलाही चार्जर एवढं सहज देतो. मग अडतं कुठे? वाटेत.

पातळ केबलमध्ये पॉवरच्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात. त्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दीड मीटर केबल म्हणजे जायला दीड आणि यायला दीड, मिळून ०.६४ ओहम. ईएसपी, डिस्प्ले आणि एखादा रिले मिळून अर्धा अँप ओढतायत असं धरा. ०.३२ व्होल्ट केबलनेच खाल्ले. पुढे बोर्डावर शॉटकी डायोड असेल तर त्याचे ०.३५ च्या आसपास. ५ मधून उरले ४.३३. एएमएस१११७ ला ३.३ व्होल्ट नीट द्यायला त्याच्या वर सव्वा व्होल्टच्या घरात जागा लागते, म्हणजे आत साडेचार तरी यायला हवेत. हिशोब इथेच तुटीत गेला, आणि अजून कनेक्टर, ब्रेडबोर्ड, ड्युपाँट वायरी यांचा वाटा धरलेलाच नाही.

म्हणून मोजायचं ते बोर्ड निवांत असताना नाही. मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा, काळा प्रोब जीएनडीवर, लाल डेव्हकिटच्या ५ व्ही किंवा व्हीआयएन पिनवर, आणि रिले ओढायला लावा. निवांत असताना ४.९ आणि रिले ओढल्यावर ४.४ दिसत असेल तर रोग सापडला. मग तोच लाल प्रोब एकेक पाऊल मागे न्या: डायोडच्या अलीकडे, मग सॉकेटच्या पिनवर. ज्या दोन जागांमध्ये मोठी उडी दिसेल तिथे दोष. वाय-फायची खळगी इतकी छोटी असते की साध्या मीटरला ती दिसत नाही. मिन-मॅक्सची सोय असलेला मीटर असेल तर बरं, ऑसिलोस्कोप असेल तर उत्तम, आणि दोन्ही नसेल तर केबल बदलून बघणं हीच चाचणी. अर्ध्या मीटरची जाड केबल लावली आणि रीसेट थांबले, की बाकी काही सिद्ध करायला नको.

केबल बदलूनही भागलं नाही तर डेव्हकिटच्या ५ व्ही आणि जीएनडी पिनांना अगदी चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पोलॅरिटी बघून. हे बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवताना करायचं. लॅपटॉपच्या पोर्टवर यूएसबीचा नियम व्हीबसवर जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला १० मायक्रोफॅरडपर्यंतच मुभा देतो. मोठा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखा वागतो आणि काही लॅपटॉप तो पोर्टच बंद करतात.

कोडमध्ये एक ओळ टाकून ब्राउनआउट डिटेक्टर बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. घरातला किटकॅट फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाडी तार घालण्यातला हा प्रकार. मेसेज गेला, पण व्होल्टेज तिथेच आहे. आता चिप रीसेट होण्याऐवजी अर्धवट व्होल्टवर काहीबाही करत राहते, आणि नेमकी त्याच वेळी फ्लॅशमध्ये सेटिंग लिहीत असेल तर तो डेटा खराब होतो.

डीसी जॅकवर चालतो, पण थोड्या वेळाने बंद पडतो

घरोघरी एक तरी जुना सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपचा अ‍ॅडॉप्टर पडलेला असतो. बोर्डावर ६.५ ते १६ व्होल्ट छापलेलं असतं. जॅकमध्ये घातला, चालला. काही मिनिटांनी दिवा विझतो, पुन्हा लागतो, पुन्हा विझतो. लय संथ असते, आणि हीच याची खूण. ब्राउनआउट भराभर होतो. तापून बंद पडणारा रेग्युलेटर सावकाश श्वास घेतल्यासारखा चालू-बंद होतो.

छापलेला आकडा व्होल्टचा आहे, उष्णतेचा नाही. निळ्या चौकोनी ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे प्रत्येकी ७० मिलिअँप. चार रिले एकदम ओढले की २८०. ईएसपीचा सरासरी खर्च धरून ४०० म्हणू. लिनिअर रेग्युलेटर १२ चे ५ करताना मधले ७ व्होल्ट उष्णता म्हणून उधळतो: ७ गुणिले ०.४, म्हणजे २.८ वॉट. नखाएवढ्या त्या चिपला हे झेपत नाही. आतलं थर्मल संरक्षण तिला बंद करतं, थंड झाली की परत चालू करतं. तोच बोर्ड साडेसात व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर एक वॉटवर येतो. गरम होईल, पण टिकेल. बोट लावून बघायचं तर जपून, चांगला चटका बसतो.

काही बोर्डांवर जॅकच्या मागे बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न काढता व्होल्ट उतरवणारं सर्किट) असतो. ओळखायला सोपं: काळी चौकोनी किंवा गोल कॉइल दिसते. तसा असेल तर १२ व्होल्ट बिनधास्त. नसेल आणि १२ च वापरायचे असतील, उदाहरणार्थ सोसायटीच्या टाकीवर जिथे व्हॉल्व्हसाठी १२ व्होल्ट आधीच आलेत, तर बाहेरून एलएम२५९६ चं बक मोड्यूल घ्या. बोर्डाला जोडायच्या आधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर ५.१ करून घ्या, आणि मग ५ व्हीच्या टर्मिनलला द्या. जॅक मोकळा ठेवा. रिले मोड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (कॉइलच्या सप्लायचा) जंपर असेल तर तो काढून कॉइलला वेगळे ५ व्होल्ट दिलेले कधीही चांगले.

दिवा नुसता वायर हलवली की लुकलुकत असेल तर जॅकची मापं बघा. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, पण आतली पिन एकाची २.१ आणि दुसऱ्याची २.५. मोठ्या भोकाचा प्लग बारीक पिनच्या जॅकमध्ये जातो, पण सैल बसतो.

सगळं बंद, तरी दिवा मिणमिणतोय

हा भुताटकीचा प्रकार नाही. दुसऱ्या एखाद्या चालू उपकरणातून, बहुतेक वेळा सिरिअलच्या टीएक्स-आरएक्स तारांमधून किंवा वेगळ्या सप्लायवरच्या सेन्सरच्या सिग्नल वायरीतून, पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमार्गे चोरून करंट येतोय. एकेक सिग्नल वायर काढत जा. जी काढल्यावर दिवा पूर्ण विझेल ती दोषी. दोन्ही उपकरणं एकाच वेळी चालू-बंद होतील अशी जोडणी करा, नाहीतर त्या तारेत १ किलोओहम घाला.

याचं मोठं भावंड म्हणजे अ‍ॅडॉप्टर लावलेला असताना प्रोग्रॅम टाकायला लॅपटॉपही जोडणं. ईएसपी-३२ डेव्हकिट-सीच्या माहितीत एस्प्रेसिफने स्पष्ट बजावलंय की पॉवर एका वेळी एकाच वाटेने द्या, नाहीतर बोर्ड किंवा सप्लाय खराब होऊ शकतो. तुमच्या बोर्डात मधे डायोड आहे का हे बघायला फक्त अ‍ॅडॉप्टर लावा आणि मोकळ्या टाइप-सी सॉकेटच्या व्हीबसवर व्होल्ट मोजा. डेव्हकिटच्या यूएसबीवरही मोजा. शून्याजवळ असेल तर उलटा प्रवाह अडवलेला आहे. ५ च्या जवळ दिसला तर लॅपटॉप जोडताना अ‍ॅडॉप्टर काढायचाच. जिथे ते शक्य नाही तिथे वायफायवरून प्रोग्रॅम टाकायची सोय करून घ्या.

३.३ की ५ च्या जंपरबद्दल एवढंच: तो फक्त ‘व्ही’ रांगेचं व्होल्टेज बदलतो. ५ वर ठेवला की ५ व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरचा सिग्नलही ५ चा येऊ शकतो, आणि ईएसपी-३२ च्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको ही सिग्नलची पिन थेट लावू नका, दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर घाला.

बॅटरीचे दिवे

बॅटरीची सोय असलेल्या बोर्डावर टीपी४०५६ ही चार्जिंगची चिप असेल तर लाल म्हणजे चार्जिंग चालू, निळा किंवा हिरवा म्हणजे ४.२ व्होल्ट होऊन भरली. बॅटरी जोडलेली नसताना निळा लागलेला आणि लाल लुकलुकतोय, हा बिघाड नाही. चिप रिकाम्या टोकावर बॅटरी शोधतेय. बॅटरी जोडलेली असूनही तसंच दिसलं तर मात्र सेलची पट्टी किंवा होल्डरचा स्प्रिंग तपासा.

आयपी५३०६ असलेल्या बोर्डांची तऱ्हा वेगळी. ती चिप पॉवर बँकसाठी बनवलेली आहे. लोड ४५ मिलिअँपच्या खाली गेला आणि साधारण अर्धा मिनिट तसाच राहिला की तिला वाटतं मोबाइल काढून घेतला, आणि ती आउटपुट बंद करते. ईएसपी-३२ डीप स्लीपमध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या गाढ झोपेत) गेला की लोड मायक्रोअँपवर येतो, म्हणजे झोपलेला बोर्ड परत उठतच नाही. दिवे सगळे विझलेले, बॅटरी मात्र भरलेली. बाजारातल्या बऱ्याच पॉवर बँकाही असंच करतात. दर वीसेक सेकंदांनी क्षणभर जास्त करंट ओढून तिला जागं ठेवायचे उपाय आहेत, पण त्यात डीप स्लीपची बचत पाण्यात जाते. स्लीप हवीच असेल तर तो बोर्ड सोडा; लिथियम सेलपासून थेट ३.३ देणारा, कमी ड्रॉपचा रेग्युलेटर लावा आणि पॉवरचा एलईडी सोल्डरगनने उचलून टाका. दीड मिलिअँप खाणारा तो दिवा अशा ठिकाणी चिपपेक्षा जास्त बॅटरी पितो.